तिरफळाची जिन

“आदी नाकान बघ रे झिला, मगे डोळ्यांनी.”

घाटकोपरच्या एका खोलीच्या घरात, गावाहून आलेल्या कोकमाच्या आगळाची बरणी उघडताना आई असं म्हणायची. सात वर्षांचा सिद्धेश बरणीवर वाकायचा आणि तो आंबट-खारट वास थेट कपाळात शिरायचा. आई, वनमाला, आपल्याच नादात गुणगुणत असायची:

कोकमं वाळती अंगणी, वास गेला गं वळणी
माझ्या बंधूची मोटार, वाट वळखी नाकानी

आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिनं घडवलेल्या नाकावर सिद्धेशचं घर चालत होतं. मित्राच्या, सुबोधच्या, नव्या दारू कंपनीत तो चव जुळवायचा. तिरफळ घातलेली, पाण्यासारखी नितळ जिन त्याचीच. दर शनिवारी मार्वेच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं पाहुण्यांना मनोरीला न्यायचं, माडांच्या सावलीतल्या सुबोधच्या बंगलीत जेवू घालायचं, जिन चाखवायची, आणि सिद्धेशनं डोळे मिटून तिचा वास उलगडून सांगायचा. लोक त्यासाठीच यायचे.

फक्त तो वास आता सिद्धेशला येत नव्हता. दोन वर्षांपूर्वी तापातून उठला, तेव्हा सगळे वास गेलेले होते. आज येतील, उद्या येतील, म्हणत तो थांबला. मग सांगायची वेळच निघून गेली. जुन्या वहीत लिहिलेले शब्द पाठ म्हणायचे आणि टाळ्या घ्यायच्या, एवढंच उरलं.

बायकोलाही त्यानं सांगितलं नव्हतं. पूर्वी तो जिन्यातूनच ओरडायचा, “दीप्ती, बांगड्यात तिरफळ घातलंस ना गं?” आता मुकाट्यानं येऊन जेवायचा. एकदा तिनं विचारलंच, “माझ्या हातचं आवडेनासं झालंय का रे? की मीच?”

“कामाचं टेन्शन आहे यार,” तो म्हणाला होता.

त्या शनिवारी ती हट्टानं बरोबर निघाली. “जगाला फिरवतोस. मला मनोरी कधी दाखवलीस?”

बोटीत मुलुंडच्या दोन निवृत्त शिक्षिका होत्या, जयाबाई आणि प्रेमाबाई.

“घरी सांगितलंय, पक्षी बघायला चाललोय,” जयाबाई म्हणाल्या.

“दुसऱ्या ग्लासानंतर दिसतील गं. जोडीजोडीनं दिसतील!”

दीप्ती खळखळून हसली. खाडीवरच्या वाऱ्यानं तिचे केस सिद्धेशच्या तोंडावर आले. केसांत मोगऱ्याचा गजरा होता. ती वाट बघत होती. त्यानं मान वळवून पाण्याकडे पाहिलं. परत वळला तेव्हा तिचं हसू मिटलेलं होतं.

बंगलीच्या स्वयंपाकघरात त्यानं ग्लास मांडले. त्याचा स्वतःचा भरला आणि बाटली संपली. खिडकीत तशीच जाड काचेची दुसरी होती, लेबल निघालेली. त्यानं बूच काढलं, बाकीचे ग्लास भरले आणि ट्रे व्हरांड्यात आणला. सुबोध पाहुण्यांना बोलण्यात रमवत होता.

“डोळे मिटा,” सिद्धेश आपला ग्लास नाकाशी धरून म्हणाला. “आधी लिंबाच्या पानासारखं काही येईल. मग तिरफळ. अगदी शेवटी ओल्या होडीचं लाकूड.”

जयाबाईंनी ग्लास ओठांशी नेला.

“थांबा!” दीप्तीनं हात मारून तो उडवला. फरशीवर काचा झाल्या. “कोणी पिऊ नका. हे टर्पेंटाइन आहे!”

प्रेमाबाईंनी आपला ग्लास हुंगला आणि झटक्यात लांब धरला. “अगं बाई, खरंच की!”

आवाज ऐकून द्रौपदी धावत आली. बंगलीची देखभाल आणि चूल गेली अकरा वर्षं तिच्याकडे होती. खिडक्या रंगवून उरलेलं टर्पेंटाइन तिनंच त्या बाटलीत भरलं होतं. इतकी देखणी बाटली भंगारात टाकायला तिचा हात धजला नव्हता.

“ब्रशांच्या बाजूला ठेवलेली,” ती घाबरून म्हणाली. “बूच काढलं का नाक चुरचुरतं. कोणालापण कळंल.”

“तेच म्हणतोय मी!” सुबोधचा आवाज चढला. “सिद्धेशनं बूच काढलं असतं तर त्याला कळलं नसतं? अख्ख्या मुंबईत असं नाक नाही. त्याची पाठ वळली आणि तुम्हीच ग्लास भरलेत.”

“मी मागं परसातल्या चुलीकडे होते सायेब. हातपण लावला नाय.”

“आज बायका मेल्या असत्या! चाव्या ठेवा इथे. उद्यापासून यायचं नाही.”

द्रौपदीनं कनवटीची चावी सोडवायला घेतली. गाठ सुटेना. तिच्या बोटांवर खिडक्यांचा हिरवा रंग अजून होता. तिनं एकदा सिद्धेशकडे पाहिलं.

गप्प राहिलं की झालं. पुढच्या शनिवारी परत बोट, परत डोळे मिटा, परत टाळ्या. त्यानं ग्लास खाली ठेवला.

“राहू दे ती चावी, द्रौपदीबाई,” तो म्हणाला. “ग्लास मी भरले. सगळे.”

सुबोध हसला. “तिला वाचवू नकोस रे. तुला वास आला नसता?”

“नाही आला.”

“म्हणजे?”

“मला वासच येत नाही, सुबोध. दोन वर्षं झाली. मी वहीतलं पाठ म्हणतो.”

सुबोध काहीतरी विचारत होता, मोठ्यानं, पण सिद्धेश त्याच्याकडे बघत नव्हता. दीप्ती काचांच्या पलीकडे उभी होती, एक हात नकळत गजऱ्याकडे गेलेला.

“मोगरासुद्धा नाही गं,” तो तिला म्हणाला. “बोटीत मान वळवली ती म्हणून.”