नऊ पानी भाषांतर

खानदेशात अरबीचे जाणकार दोनच: जळगावात मेहरूणला मी आणि धुळ्यात रूपचंद. हे आम्हा दोघांचं मत. मदरशांतल्या मौलवींना आम्ही विचारलं नव्हतं.

साक्रीकडचा धना पिशवीत एक कागद घेऊन माझ्याकडे आला. त्याचा मुलगा ईश्वर आखातात बांधकामावर होता. पडला, पाय मोडला. कंपनीने घरी अरबीत कागद पाठवला होता.

"सर, गावमा एक पोऱ्या म्हने, मोबाईलवर फोटो काढा, बठ्ठं मराठी व्हई जास."

"धनाभाऊ, मोबाईलला अक्षरं कळतात, अर्थ कळत नाही. ठेवा कागद," मी म्हणालो.

त्याने दोन्ही हातांनी कागद दिला. मला फार बरं वाटलं.

आमची एक पद्धत आहे. मजकूर वरून खाली, ओळीओळीने लावायचा. पुढे डोकावायचं नाही. डोकावतो तो कादंबरी वाचणारा. त्यामुळे पहिले दोन दिवस कंपनीच्या शिक्क्यावर गेले. अक्षरांचं वळण कोणत्या घराण्याचं, यावर रूपचंदला फोन केला. त्याचं मत वेगळं निघालं. चार दिवस आम्ही फोनवर भांडलो. पाचव्या दिवशी त्याने मला 'तळटीपवाला' म्हटलं. मी त्यावरही तळटीप लिहिली.

मधे धनाचा फोन आला. "सर, काय शे कागदमा?"

"शिक्का झालाय."

"बरं," तो म्हणाला. त्याला वाटलं, मोठं काम शे.

अकराव्या दिवशी शेवटच्या ओळीला पोहोचलो. जखमी कामगाराला घरी पाठवायचं आहे. कागद मिळाल्यापासून दहा दिवसांत घरच्यांनी संमती कळवावी, नाहीतर परतीच्या यादीतली त्याची जागा दुसऱ्याला दिली जाईल.

मी तो कागद तीनदा वाचला. व्याकरण निर्दोष होतं.

घाईने कंपनीला फोन लावला. यादी गेली होती. पुढची चार महिन्यांनी.

फोनवरून सांगता आलं असतं. पण धनाने कागद दोन्ही हातांनी दिला होता, म्हणून एस.टी.ने साक्रीला गेलो. सोबत नऊ पानं भाषांतर. धनाची बायको दगडीबाई, तिने चहा ठेवला. मी शिक्क्यापासून सुरुवात केली, कारण शेवटापर्यंत जायला जितका वेळ लागेल तितका हवा होता. धना मान डोलावत ऐकत होता. दगडीबाई म्हणाली, "सर, ईश्वर कव्हय येस ते सांगा."

मी सांगितलं.

चूल विझत आली होती. तिने फुंकर घातली नाही.

"शेवटली ओळ पहिले का नही वाची?" तिने रागाने नाही, खरंच न कळून विचारलं.

चाळीस वर्षांत मला हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता.

धना माझीच बाजू घेऊ लागला. "अवं, सरनी किती मेहनत कयी. नऊ पानं!"

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. फोन लावला आणि माझ्यापुढे धरला. "तुम्हीच सांगा त्याले."

पलीकडून ईश्वरचा आवाज आला. "नमस्कार सर! उपकार व्हयनात तुम्हना. मंग मना नंबर लागना ना?"

"नाही," मी म्हणालो. "कागद माझ्याकडे पडून होता."



"बरं सर," तो म्हणाला. "मायले फोन द्या."