अठरा वर्षं सरपंच

चांगुणाबाईंनी गुरांच्या हौदातून काढून आणलेलं शेवाळ मूठमूठ करून बंधाऱ्याच्या पाण्यात सोडलं आणि मागं सरकून पाहिलं. शेवाळ काही काठाला धरेना. बिनबोलावल्या पाहुण्यासारखं ते मधोमध नुसतं तरंगत राहिलं.

"राहू द्या की, सरपंचबाई," ग्रामसेवक सुनील भाऊसाहेब बंधाऱ्याच्या भिंतीवरून म्हणाले. "फ्रान्सची बाई काय शेवाळ बघायला येतीय? पाणी दिसलं म्हणजे झालं."

"दिसंल हो. पर खरं दिसंल का?"

भाऊसाहेब हसले. चांगुणाबाईंना हसू आलं नाही.

बंधारा खोटा नव्हता. दोन उन्हाळे गावानं घाम गाळून तो बांधला होता. पण गेल्या साली पारनेरच्या या अंगाला पाऊसच फिरकला नाही आणि दिवाळीपासून बंधाऱ्याचं पोट तडकून पडलं होतं. नगरच्या संस्थेचा निरोप आला, पाहुणीला भरलेला बंधारा दाखवा. तिला पटलं तर आणखी बारा बंधाऱ्यांना मदत मिळेल. मग वरच्या वस्तीच्या साठ घरांच्या पिण्याच्या पाण्याच्या टँकरच्या पाच खेपा पहाटेपासून इथं रिकाम्या झाल्या. वस्तीला सांगितलं, टँकर बिघडलाय. 'ओता' असं म्हणाल्या होत्या त्या चांगुणाबाईच.

अकराच्या सुमाराला गाड्या आल्या. पाहुणी सत्तरीची, किरकोळ अंगाची, पायात साधे बूट. सोबत नगरची प्रणिता, तिचं बोलणं मराठीत सांगायला. नारळ देऊन झाला आणि चांगुणाबाईंनी ओळखीचा कागद उघडला. पंचेचाळिसाव्या वर्षी अक्षरं शिकलेल्या, त्या ओळीखाली बोट धरूनच वाचत.

"श्रीमती ओदिल रेनार. आठशे वस्तीच्या गावाच्या अठरा वर्षं मेयर. पुढं फ्रान्सच्या संसदेत खासदार. त्याच्या पुढं युरोपच्या संसदेत दहा वर्षं."

टाळ्या झाल्या. चांगुणाबाई हळूच प्रणिताकडं वळल्या.

"ताई, मेयर म्हंजी?"

"एवढ्या लहान गावाचा मेयर म्हणजे आपला सरपंचच समजा, काकू."

चांगुणाबाईंनी कागदाची घडी घातली. खासदाराचं त्यांना भय नव्हतं. खासदार गाडीजवळ उभा राहून लांबून बघतो, मान हलवतो आणि जातो. युरोपचं तर त्याहून लांबचं. पण अठरा वर्षं सरपंच! ही बाई तिथंच बघणार, जिथं आपण बघितलं असतं.

आणि ती तिथंच बघू लागली. आधी काठाचा चिखल पाहिला. त्यात गाईचं, शेळीचं एक खूर उमटलेलं नव्हतं. मग भिंतीचे दगड पाहिले. ओल जेमतेम पाण्याला लागून, वर कोरडा पांढरा दगड. मग ती उकिडवी बसली, ओंजळीत पाणी घेतलं आणि वास घेतला.

चांगुणाबाईंनी पदर तोंडाशी धरला. टँकर भरला की त्यात जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायची, हा भाऊसाहेबांचा नेम कधी चुकला नव्हता. आजही चुकला नव्हता. सारा बंधारा दवाखान्यासारखा वास मारत होता आणि पहाटेपासून त्यांच्या नाकाला तो कळलाच नव्हता.

पाहुणीनं हात झटकले आणि काहीतरी विचारलं.

"हे पाणी किती दिवस पुरतं?" प्रणितानं सांगितलं.

"जूनपर्यंत," भाऊसाहेब झटक्यात म्हणाले.

पाहुणीनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. ती चांगुणाबाईंकडं बघत सावकाश बोलू लागली. प्रणिता वाक्य-वाक्य मराठीत सांगत गेली.

"त्या म्हणतात, मी मेयर असताना आमची शाळा बंद होणार होती. पोरं कमी होती. साहेब तपासायला आले, तेव्हा मी शेजारच्या गावातनं अकरा पोरं आणून बाकांवर बसवली. साहेबांनी मोजली. शाळा वाचली."

"बघा!" भाऊसाहेबांचा जीव भांड्यात पडला. "बाई आपल्यातल्याच निघाल्या."

"मग?" चांगुणाबाईंनी विचारलं. "पुढं काय झालं शाळंचं?"

प्रणितानं विचारलं. उत्तर लहान होतं.

"दोन वर्षांनी बंद पडली. पण तोवर शाळा वाचवणारी म्हणून लोकांनी यांना खासदार केलं होतं."

फोटोवाला पुढं आला. दोघींनी पाण्याकडं पाठ करून उभं राहावं, म्हणाला. पाहुणी सवयीनं उभी राहिली, हनुवटी जराशी वर, चेहऱ्यावर बेताचं हसू. चांगुणाबाई शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला.

"ताई, सांगा त्यांना," त्या म्हणाल्या. "हे पानी आज पहाटंचं हाय. टँकरचं."

"सरपंचबाई!" भाऊसाहेब ओरडलेच. "बारा बंधारे गेले ना हातचे! डोकं फिरलं का तुमचं?"

"व्हय. सांगा तुमी, ताई."

प्रणितानं सांगितलं. पाहुणीचं हसू मावळलं. ती चिडली नाही, की खांद्यावर हात ठेवायलाही पुढं आली नाही. तिनं एवढंच विचारलं,

"कुणाच्या वाटणीचं?"

"वरच्या वस्तीचं. साठ घरं. पाच खेपा."

"त्यांना माहीत आहे?"

चांगुणाबाईंनी मान हलवली. नाही.

पाहुणी घड्याळ न बघता गाडीकडं चालू लागली. दार उघडून तिनं प्रणिताला काही सांगितलं.

"त्यांना वस्तीवर जायचंय. आता. तुम्ही सोबत या म्हणतात."

सकाळपासून चांगुणाबाई जिला घाबरत होत्या, ती चार वाजता निघून जाणार होती. वस्तीवरची दगडाबाई, अजिनाथची म्हातारी आई, बाळंतीण रोहिणी, ही सगळी उद्याही इथंच असणार होती, परवाही.

त्या गाडीत चढल्या. पाहुणीनं सरकून जागा दिली.

"कुठल्या अंगाला, काकू?" ड्रायव्हरनं विचारलं.

चांगुणाबाईंनी हात काचेबाहेर काढला आणि वरच्या रस्त्याकडं धरला.