पारड्यावरचं बोट

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. तान्ह्या बाळांचं वजन करायचा. वर पसरट पारडं, खाली गोल तबकडी आणि तिच्यावर फिरणारा लाल काटा. स्वतःचं कौतुक स्वतःच करू नये, पण मी आयुष्यात कधी कुणाची भीड ठेवली नाही.

या घरात मी चिमणीच्या जन्मानंतर आलो. तिची आई फार काळजीखोर. दूध पाजण्याआधी एकदा, पाजल्यावर एकदा वजन करायची आणि निळ्या वहीत लिहून ठेवायची. आजी म्हणायची, "अगं, पोर दुधाने वाढते, काट्यावर ठेवून नाही!" पुढे चिमणी चालायला लागली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. पाच वर्षं धूळ खाल्ली.

मग घरात भाऊसाहेब आले. प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणलेला म्हातारा बोका. एक कान फाटका, किडन्या थकलेल्या, पण चाल अशी की घर जणू त्याच्याच नावावर आहे! डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "फार तर दोन महिने. रोज वजन करा. तीन किलोच्या खाली गेला की मला बोलवा. मग त्याला त्रासात ठेवायचं नाही."

माझी धूळ पुसली गेली. निळी वहीही बाहेर आली. चिमणीच्या वजनाखाली भाऊसाहेबांचं वजन लिहिलं जाऊ लागलं. "तुझं दुसरं बाळ मिशा घेऊनच आलं गं!" आजी आईला म्हणायची. पण औषध पाजताना त्याचे पंजे धरायला तीच पुढे.

दोन महिन्यांचे सात झाले. मध्यंतरी साडेतीन किलोपर्यंत गेला होता पठ्ठ्या! तो आकडा दाखवताना माझा काटासुद्धा अभिमानाने थरथरला.

मग वजन उतरू लागलं. तीन किलो शंभर. तीन पन्नास. आणि त्यानंतर तीन दिवस बरोबर तीन. मला लाज वाटत होती, कारण तो आकडा माझा नव्हता. पारड्याच्या कडेवर चिमणीचं बोट होतं. आईच्या नजरेतून मुंगी सुटत नाही, मग बोट कसं सुटेल? पण तिनेही वहीत तीनच लिहिलं.

चौथ्या सकाळी भाऊसाहेबांनी पाण्यालाही तोंड लावलं नाही. आई चिमणीशेजारी खाली बसली.

"चिमणे, बोट काढ."

"मग डॉक्टर येतील ना!"

"येऊ देत. तो तुझ्याच मांडीवर असेल. आपण दोघींनी मिळून त्याला ताटकळत ठेवलं गं. आता बास."

बोट निघालं. दोन किलो सातशे.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. सुई टोचली तेव्हा चिमणी त्याचा फाटका कान कुरवाळत होती. भाऊसाहेब तिच्या मांडीवर शांत झोपले, ते कायमचे.

आईने वहीतले तीन खोटे आकडे खोडले. खाली चिमणीने आपल्या वाकड्या अक्षरात लिहिलं, "दोन महिने सांगितले होते. भाऊसाहेब सात राहिला."

मला माळ्यावर ठेवायला आईने उचललं, तेव्हा आजीच म्हणाली, "राहू दे खालीच. निवाऱ्यात अजून म्हातारे असतील."

म्हणून मी खाली आहे, ताठ मानेने. मित्रांनो, आजारी जीव घरी आणा, त्याचं मनापासून करा. पण बोट ठेवायचंच असेल तर त्याच्या डोक्यावर ठेवा, माझ्या पारड्यावर नको.