थोरल्याचं नाव

सिस्टर दूशिमाने गोवराच्या लसीची कुपी उजेडाकडे धरून हलवली.

"एकच डोस उरलाय," ती म्हणाली. "तीन वाजले की ही फेकून द्यायची, आणि एकदोन पोरांसाठी मी नवी फोडणार नाही. कुणाला द्यायचा?"

साऊदे पुढे सरकली. पाठीवर बांधलेल्या धाकटीला मघाशीच टोचून झालं होतं; ती हुंदके देत पेंगत होती. तीन वर्षांचा थोरला दवाखान्याच्या ओसरीवरच्या खांबाला मिठी मारून उभा होता. त्याला जवळ घ्यायला साऊदेचे हात शिवशिवत होते, पण त्यांच्या रीतीत पहिल्या लेकराला आईने चारचौघांत कुरवाळायचं नसतं. त्याचं नावही घ्यायचं नसतं.

एरवी त्याला सासूच घेऊन हिंडायची. पण डेलू म्हातारीचं म्हणणं, गोवर येतो नि जातो, आमच्या वेळी कुठं होत्या सुया? मंगळवारी त्याच गोवराने शेजारच्या घरातलं दुसरं पोर उचलून नेलं. गावातला दवाखाना महिनाभर बंद. आज सकाळी साऊदे सासूला न सांगता दोन्ही पोरांना घेऊन होडीत बसली आणि नदीपल्याडच्या या गावात आली.

"नाव?" सिस्टरने नवं कार्ड उघडलं.

साऊदेने ओढणीचं टोक दातांत धरलं.

"मुलाचं नाव सांगा, बाई."

"तो... थोरला."

"थोरला असं नाव असतं का कुठं?"

रांगेतल्या बायका गालातल्या गालात हसल्या. त्यांना सगळं कळलं होतं. साऊदेच्या गावात असं कधी अडत नसे. एखादी शेजारीण चटकन नाव सांगून मोकळी व्हायची. इथं तिला ओळखणारं कुणी नव्हतं. आणि सिस्टर दक्षिणेकडची. इथली बोली शिकली होती, पण बाकीचं शिकायचं राहिलं होतं. ती पोरापुढे वाकली.

"तुझं नाव काय रे, राजा?"

"नवरा," तो म्हणाला.

ओसरीभर हशा पिकला. आजी त्याला त्याच नावाने हाक मारायची. त्याला आजोबांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं नाव ठेवलेलं. ते ती कसं घेणार? मुलाचा बाप त्याला 'बाबा' म्हणायचा. साऊदेला तर ते नाव दोन्हीकडून बंद होतं, थोरल्याचं म्हणून आणि सासऱ्याचं म्हणूनही. म्हातारा सहा वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून घरात ते कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं.

"मूसा लिही गं, सिस्टर," मागची जाडी बाई म्हणाली. "घरटी एक मूसा असतोच."

"लिहिते की. मला काय?" सिस्टरने पेन टेकवलं. "पुढचा डोस, शाळा, सगळं मग ह्याच नावावर."

साऊदेला वाटलं, मूसाच्या नावाने टोचलेली सुई मूसालाच लागू पडणार. गोवर दारात येईल तो खऱ्या नावाने हाक मारत येईल, आणि त्या नावाच्या पोराच्या अंगात काहीच नसेल. असं कधी होतं का, हे तिला ठाऊक नव्हतं. पण एकदा मनात आलं ते जाईना.

"पाच मिनिटं राहिली," सिस्टर म्हणाली. "नाहीतर ह्या मागच्या बाईंच्या पोराला देते."

"दलहातू," साऊदे म्हणाली.

"मोठ्याने."

"दलहातू. दलहातूच लिहा."

कुणीतरी जिभेने 'च्' केलं. पोराने खांब सोडला. सुई दंडात गेली तरी तो रडला नाही. आईच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला.

होडी अलीकडे लागली तेव्हा काठावर डेलू म्हातारी उभी होती.

"न विचारता नेलंस," म्हातारी म्हणाली, आणि नातवाकडे वळून तिने हात पसरले. "ये रे माझ्या नवऱ्या. कुठं टोचलं?"

"मी नवरा नाही. मी दलहातू."

म्हातारीचे हात तसेच राहिले.

"कुणी सांगितलं?"

"हिने." त्याने बोट दाखवलं.

नावाड्याने दोर बांधायला उगाचच वेळ लावला. म्हातारी एका पालथ्या होडीवर हळूच टेकली.

"चारचौघांत घेतलंस?"

"कार्डावर लिहायचं होतं."

"मोठ्याने?"

साऊदेने मान डोलावली.

म्हातारीने नातवाला मांडीवर ओढून घेतलं आणि त्याच्या दंडावरचा कापूस चाचपला. मग सुनेकडे न बघता म्हणाली, "आणखी एकदा घे. सहा वर्षं झाली ऐकून."