पट्टा म्हणाला, शांत

मी डोक्याला बांधायचा पट्टा बोलतोय. हसू नका, मी काही नवरदेवाची मुंडावळी नव्हे. माझ्या आतल्या बाजूला धातूच्या चकत्या आहेत. त्या मिठाच्या पाण्यानं ओल्या करून कपाळाला टेकवल्या, की माणसाच्या मेंदूतल्या लहरी मला कळतात. मन उसळलं की मी समोर चाललेलं गाणं बारीक करतो, निवलं की मोठं करतो. असं रोज केलं की मेंदूला निवायची सवय लागते, धडधड थांबते, झोप येते. गोळी नको, सुई नको. निदान माझ्या खोक्यावर तरी तसं छापलंय!

कारखान्यातल्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. तिथून मला केंड्रा नावाच्या बाईनं विकत घेतलं. ती समुद्राकाठच्या गावात राहते, लोकांना मला भाड्यानं पाठवते आणि संगणकाच्या पडद्यावरून बोलून मला वापरायला शिकवते. बाई मनानं चांगली. पण मला घालणाऱ्याच्या घरी तिचं पाऊल कधी पडत नाही. तिला दिसतो तो मी पाठवलेला आलेख.

तिच्याकडून मी अमेरिकेतल्या मक्याच्या मुलखात, नेब्रास्कात, एमिल कूचेराच्या घरी गेलो. एमिल फवारणीचं विमान चालवायचा. मक्याच्या तुऱ्यांना चाकं घासतील इतक्या खालून उडायचं आणि शेत संपलं की नाक वर करून वळायचं, हा त्याचा धंदा. आदल्या हंगामात त्याच्या धंद्यातल्या जोडीदाराचं, मिलोचं, विमान विजेच्या तारेत अडकलं आणि तो गेला. तेव्हापासून एमिलच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. अंथरुणावर पडलं की छाती धडधडायची.

त्याची बायको डोरीन त्याच्या मागे लागायची. "अरे, डॉक्टरकडे जा ना एकदा!"

"डॉक्टर लिहून ठेवतो. एकदा झोपेची गोळी लिहिली की माझं उडणं बंद. मग काय करू, कोंबड्या राखू?"

"राख की! कोंबड्या राखताना कोणी तारेत अडकत नाही."

शेवटी त्यांच्या लेकीनं, टेसानं, मला मागवलं. खोकं उघडून एमिलनं मला दोन बोटांत उचललं.

"हे काय गं, घोड्याचा लगाम?"

"घाला हो बाबा गुपचूप. घोडा निदान ऐकतो तरी."

फवारणी पहाटे आणि संध्याकाळी, कारण दुपारी वारा सुटतो आणि औषध भलत्याच्या शेतात जातं. म्हणून माझी वेळ ठरली दुपारच्या जेवणानंतरची. एमिल आरामखुर्चीत बसायचा आणि पोल्का लावायचा. ते नाचाचं गाणं, त्यात अकॉर्डियन नुसता धिंगाणा घालतो. सुरुवातीला माझ्यामुळे ते इतकं बारीक व्हायचं की माशीची गुणगुण बरी.

"काहीच ऐकू येत नाही रे!" डोरीन स्वयंपाकघरातून ओरडायची. तिथे ती कोलाचेचं पीठ मळत असायची. खसखस भरलेल्या त्या गोड पावांवर एमिलचा भारी जीव.

"मला तरी कुठे येतंय!" तो खुर्चीतून ओरडायचा.

मग एका दुपारी गाणं चढलं. चांगलं खणखणीत वाजायला लागलं. डोरीनचे हात पिठात थांबले. मग तिनं तिथेच पायानं ठेका धरला आणि पिठाच्या हातांनी टेसाला फोन लावला. "ऐक, ऐक! तुझे बाबा शांत झाले गं!"

अहो, कसले शांत! एमिलची हनुवटी छातीवर पडली होती. महिनोन्महिने न झोपलेला माणूस तो, क्षणभर डुलकायचा आणि दचकून उठायचा. निवांत माणसाच्या लहरी संथ असतात आणि थकून गळालेल्याच्याही संथच असतात. माझ्यात बसवलेल्या अकलेला त्यातला फरक कळत नव्हता. मी आपला दोघांनाही शाबासकी देत सुटलो. रोज दुपारी गाणं दणक्यात वाजायचं. डोरीनला वाटायचं, जितका आवाज तितकं बरं. ती त्याच्या आरामात व्यत्यय नको म्हणून बाहेरच्या खोलीत पाऊलही टाकायची नाही.

राहिली केंड्रा. ती दर आठवड्याला पडद्यावर विचारायची, "एमिल, खरं सांग, झोप कशी लागते?"

"वाईट नाही."

"आणि धडधड?"

"तक्रार नाही."

त्या मुलखात पाय मोडला तरी माणूस "वाईट नाही" म्हणतो आणि घर जळालं तरी "तक्रार नाही." शेजाऱ्यापुढे रडगाणं गाणं त्यांना चारचौघांत उघडं पडण्यासारखं वाटतं. डोरीनला विचारा, ती लगेच सांगेल की नवऱ्याच्या "वाईट नाही"चे सतरा अर्थ असतात. पण केंड्रा पडली परगावची, तिनं शब्द आहेत तसे घेतले. "वा! आलेखही तेच म्हणतोय," असं म्हणून ती खुशीत हसली.

वाईट याचं वाटतं की एमिललाही ते खरं वाटायला लागलं. अंथरुणात त्याचे डोळे उघडेच असायचे. पण तो स्वतःशीच म्हणायचा, "यंत्र म्हणतंय ठणठणीत, मग मी कोण नाही म्हणणारा?"

मक्याला तुरे आले, फवारणीची घाई सुरू झाली. एका संध्याकाळी तो विमानाची किल्ली हातात घेऊन दारातच उभा राहिला. डोरीननं त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"एमिल, चेहरा कसा झालाय तुझा! आज नको जाऊस. उद्या मार फवारा."

तो थांबला. खरंच थांबला हो. मग त्यानं टेबलावर पडलेल्या माझ्याकडे बोट केलं. "दुपारचं ऐकलंस ना? पट्टा म्हणाला, शांत."

डोरीननं ऐकलंच होतं. ती बाजूला सरली.

विमान शेतावरून सरळ गेलं. शेत संपलं, पण नाक वर उठलं नाही. बांधावरच्या माणसांनी नंतर सांगितलं, इंजिन नीट चालू होतं, तारही मधे नव्हती. त्यानं वळायचा प्रयत्नच केला नाही. पलीकडच्या मक्यात विमान घुसलं आणि एमिल तिथेच गेला.

पुढच्या आठवड्यात ठरल्या वेळी संगणक वाजला. डोरीननं तो उघडला. केंड्राला काहीच माहीत नव्हतं.

"अगं डोरीन! एमिल कुठे आहे? इतका सुंदर आलेख मी कधी पाहिला नव्हता. आता लागते ना त्याला झोप?"

"लागली," डोरीन म्हणाली. "विमानात लागली."

केंड्रानं समोरचा आलेख बाजूला सारला.

"मी गाणं ऐकत होते गं," डोरीन म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. "रोज ऐकत होते आणि आनंदानं पीठ मळत होते. चार पावलांवर तर खुर्ची होती. एकदा उठून बघितलं असतं मी!"

टेसानं मला पुसून खोक्यात घातलं आणि परत पाठवलं. केंड्रानं मला कपाटात टाकलं. बरेच दिवस ती माझ्याकडे बघतही नव्हती. मला वाटलं, सुटलो. असा निरुपयोगी पडून राहिलो तर बरंच की, माझ्या शाबासकीवर भरवसा ठेवून कोणी मरायचं तरी नाही.

आज मात्र तिनं मला बाहेर काढलं. फोनवर कोणी ट्रक चालवणारा होता. झोप नाही, छातीत धडधड आणि गोळी घेतली तर कामावरून काढतील, हेच त्याचंही गाऱ्हाणं. केंड्रा मला बोटांत फिरवत ऐकत राहिली.

"पट्टा देते," ती म्हणाली. "पण तो घालून बसशील तेव्हा शेजारी जागं माणूस हवं. पट्ट्याचं नाही, त्या माणसाचं ऐकायचं. घरात कोण आहे? फोन दे त्यांच्याकडे."

पलीकडे तो माणूस जरा हसला.

"कोणी नाही हो बाई. मी एकटाच राहतो."

केंड्रानं मला मुठीत घट्ट धरलंय. पाठवू की नको, तिला ठरवता येत नाही. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, अहो, मला कशाला पाठवताय? कोणीतरी माणूस पाठवा त्याच्याकडे!