बाळ्याचं उत्तर

“ताई, तुम्ही बाहेर बसा. प्रश्न त्यांनाच विचारायचेत,” चाचणी घेणारी मुलगी म्हणाली, तेव्हा ताईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. बाळ्या तिचा धाकटा भाऊ. चाळिशी उलटली, कानशिलं पांढरी झाली, तरी तिच्या लेखी तो बाळ्याच. त्याला ऑटिझम आहे हे डॉक्टरांनी फार उशिरा सांगितलं. पण उत्तर द्यायला त्याला वेळ लागतो, हे घरात सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. तेवढ्या वेळात ताई त्याच्या वतीने बोलून मोकळी व्हायची. तिचं पार्लर होतं. हात आणि तोंड बरोबरीने चालवण्यातच तिचा जन्म गेला होता.

ऑटिझम असलेल्या माणसांचं लक्ष कसं टिकतं, त्यांचा मेंदू किती वेगाने काम करतो, याचा विद्यापीठात अभ्यास चालू होता. जाहिरात वाचून बाळ्याने आपणहून नाव दिलं होतं.

तो चाचणी देऊन निवांत बाहेर आला. मग मुलीने ताईलाच विचारलं, की तुलनेसाठी ऑटिझम नसलेली माणसंही हवी आहेत, तुम्ही बसाल का? ताईने बाह्या सरसावल्या. हा तर तिच्या डाव्या हातचा मळ.

पडद्यावर एकामागून एक आकृत्या येत होत्या. तारा दिसला तरच बटण दाबायचं, एरवी हात आवरायचा. ताईने तारा आला तेव्हा दाबलं, चौकोन आला तेव्हाही दाबलं, आणि काहीच आलं नाही तेव्हाही दाबलं. शेवटी शेवटी ती स्वतःच्याच बोटावर डाफरू लागली. मुलीला हसू आवरेना. मग दोघीही पोट धरून हसल्या.

कोण जिंकलं, असं ताईने विचारलंच. इथे पास-नापास नसतं, मुलगी म्हणाली. कोण कसं थांबतं, कोण कसं धावतं, एवढंच आम्ही बघतो.

परतीच्या बसमध्ये ताई हा किस्सा रंगवून सांगत होती. बाळ्या खिडकीबाहेर बघत ऐकत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, “तू घरी पण तसंच करतेस.”

“काय करते?”

“मालकांनी मला काउंटरवर बसशील का विचारलं. तू नाही म्हणालीस. मी विचार करत होतो.”

बाळ्या लाँड्रीत इस्त्री करायचा. मालकांनी ताईसमोरच विचारलं होतं, आणि गिऱ्हाइकांशी बोलणं त्याला कुठलं जमतंय, असं म्हणून तिने विषय तिथेच मिटवला होता. तिला तर ते आठवतही नव्हतं. ती ओशाळली.

“मग तुझं काय म्हणणं आहे?” तिने विचारलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. जिभेवर चार उत्तरं आली, ती तिने गिळली. बस सिग्नलला थांबली, सुटली, पूल ओलांडून गेली.

“नाही,” बाळ्या म्हणाला. “तिथे सगळे एकदम बोलतात. मला इस्त्रीच बरी.”

“अरे, मग मी तरी वेगळं काय सांगितलं?”

“तू सांगितलंस. आता मी सांगणार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्याबरोबर लाँड्रीपर्यंत गेली आणि दाराबाहेरच थांबली. काचेपलीकडे बाळ्या मालकांसमोर उभा होता, नजर कपड्यांच्या गठ्ठ्यावर. मालकांनी चष्मा काढला, सावकाश पुसला, पुन्हा घातला. मग बाळ्याचे ओठ हलले. ‘नाही’ म्हणायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ ते हलत राहिले, आणि मालक हसले. एवढं काय सांगत होता, कोण जाणे. यंत्रांच्या घरघरीत बाहेर काही ऐकू येत नव्हतं.

ताईने पर्स खांद्याला लावली आणि ती पार्लरच्या दिशेने चालू लागली.