तळाशी राहिलेलं

मी एक रिकामी बाटली बोलतेय. हिरवट काचेची, वीतभरही उंच नाही. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅम गावी, लेस विणणाऱ्यांच्या गल्लीत, केझायाच्या खिडकीत मी उभी असते.

माझ्या अंगावर एक कागद होता. 'आईची सोबतीण! शुद्ध वनस्पतींचं बाळसिरप!' वर गुबगुबीत बाळाचं चित्र. पोटात बडीशेप होती, काकवी होती आणि अफू होती. अफूचं नाव मात्र कागदावर कुठेच नव्हतं. छापणाऱ्याला लाज कशी वाटली नाही?

केझाया कारखान्यात जायची. तान्ही सेलिना शेजारच्या थिर्झामावशीकडे असायची. गल्लीतल्या सगळ्याच बाया पोरं तिथे सोडायच्या, आणि पोराबरोबर त्याची बाटलीही.

"मावशी, फारच रडली तर दे हं."

"मी काय आज पोरं सांभाळतेय? पळ, भोंगा झाला!"

थिर्झा दुष्ट नव्हती हो. स्वतःच्या वाटणीचं दूधसुद्धा पोरांना पाजायची. पण अफू तळाशी बसते, ओतण्याआधी बाटली हलवावी लागते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वरवरचं पातळ पोटात गेलं की सेलिना तशीच किंचाळत राहायची. "मेला दुकानदार पाणी घालतो!" म्हणून थिर्झा चिडायची. मला तोंड असून बोलता येत नव्हतं.

मी संपत आले. काही वाया घालवणं थिर्झाला कधी जमलंच नाही. तिने गरम पाणी घालून मला खळखळून विसळलं आणि तळाशी साचलेलं सगळं चमच्याने सेलिनाला पाजलं.

"आज बघा कशी गुणी पोर झोपलीय!" ती येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत होती.

संध्याकाळी केझायाने पोरीला उचललं. मान मागे लवंडली.

"सेलिना? रड की गं. एकदा रड, माझे बाई."

"मी वेगळं काही दिलं नाही गं," थिर्झा पुन्हा पुन्हा म्हणत होती, "तुझंच दिलं."

केझायाने मला फोडलं नाही. अंगावरचा तो कागद तेवढा नखांनी खरवडून काढला. आता ती लेसचं काम घरीच आणते. पाळण्यात धाकटा एनॉक आहे, आणि त्याचा गळा भलताच मोठा आहे. माझं एवढंच मागणं आहे, मला पुन्हा कुणी भरू नका.

"अगं, पाज की त्याला काहीतरी!" समोरची शेजारीण वैतागून ओरडते.

केझाया पाळण्याची दोरी ओढत राहते. "रडू दे," ती म्हणते, "रडतोय म्हणजे आहे."